मातीला घाबरणारे मूल आणि रोजचे अंगण

वाकडच्या एका सोसायटीत अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. मे महिन्यात घरचे सगळे सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या गावी गेले, तेव्हा तो अंगणात अनवाणी उभा राहायला तयार नव्हता. पायाला माती लागली की ‘घाण, घाण’ म्हणून रडायचा, आणि आजोबांनी हातावर ठेवलेले ओले ढेकूळ त्याने झटकून टाकले. आजोबांच्या ते मनाला लागले. त्याच्या बालवाडीत महिन्यातून एकदा ‘निसर्गदिन’ असतो आणि त्या दिवशी हिरवे कपडे घालून जायचे असते. तर लहान मुलांना निसर्गाचा सहवास खरोखर गरजेचा आहे की हे सध्याचे वारे आहे? आणि ज्या मुलाचे गाव वर्षातून पंधरा दिवसांपुरते असते, त्याला कुठली जागा आपली वाटणार?

गेली सव्वीस वर्षे मी बालवाडीत शिकवत आले आहे आणि त्यातली बरीच वर्षे अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणातही गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, की गरज खरी आहे. ती भागवायला पैसे फारसे लागत नाहीत, पण नेम मात्र लागतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने निसर्ग म्हणजे धबधबा, अभयारण्य किंवा शाळेने बसने नेलेली कृषिपर्यटनाची सहल नसते. त्याला पाच-दहा पावलांची एकच जागा पुन्हा पुन्हा हवी असते, आणि शेजारी घाईत नसलेले एक मोठे माणूस. महिन्यातून एकदा हिरवे कपडे घालून जे होते त्याला मी समारंभ म्हणेन. समारंभाला माझा विरोध नाही, पण मुलाची वाढ त्यातून होत नाही.

आधी ‘घाण’ या शब्दाकडे पाहू. मूल हा शब्द जन्मतः घेऊन येत नाही. वर्षा-दीड वर्षाचे मूल काही नवे दिसले की त्या वस्तूकडे पाहते आणि लगेच आईच्या चेहऱ्याकडे पाहते. हे सुरक्षित आहे की नाही, याचे उत्तर ते चेहऱ्यावर वाचत असते. अकराव्या मजल्यावरच्या मुलाला माती भेटते ती लिफ्टमधल्या चिखलाच्या पावलांत, गाडीच्या चाकांवर, नाहीतर धुवायला टाकलेल्या बुटांच्या तळाशी, आणि तिथे प्रत्येक वेळी मोठ्यांच्या तोंडून ‘शी’ निघालेले असते. दोष कोणाचाच नाही. मुलाने इमानदारीने जे शिकायचे ते शिकले आहे आणि आता आपल्याला ते हळूहळू उलट शिकवायचे आहे, एवढेच.

वाढीचा विचार करताना मी शरीरापासून सुरुवात करते, कारण पालक नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतात. घरातली फरशी, जिन्याची पायरी, बागेतला रबरी पट्टा, सगळे सपाट आणि एकाच मापाचे असते. उलट, मुळे वर आलेल्या वडाखाली किंवा पावसाने खचलेल्या बांधावर चालताना प्रत्येक पाऊल वेगळे पडते. घोटा वळतो, गुडघा सावरतो, आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि सांध्या-स्नायूंतून मेंदूकडे जाणारी जाणीव यांना सतत जुळवून घ्यावे लागते. आपले शरीर कुठे संपते आणि जग कुठे सुरू होते, हे मुलाला अशा चालण्यातून कळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालील मुलांसाठी ज्या सूचना दिल्या, त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे हालचाल करावी, त्यातली 60 मिनिटे तरी दम लागेल अशी असावी आणि पडद्यासमोरचा वेळ एका तासापेक्षा जास्त नसावा, असे म्हटले आहे. दोन खोल्यांच्या घरात 180 मिनिटे भरत नाहीत. दाराबाहेर पडले की ती मोजावीही लागत नाहीत.

हातांचेही तसेच आहे. ‘अजून पेन्सिल नीट धरत नाही’ ही तक्रार माझ्याकडे दर आठवड्याला येते आणि मी दर आठवड्याला चिखलाचे नाव घेते. ओल्या मातीचा गोळा आधी सगळ्या तळहाताने दाबला जातो, मग तो लाटला जातो, मग तीन बोटांनी त्याला काठ काढला जातो. म्हणजे खांदा, मनगट, तळहाताची कमान आणि शेवटी बोटांची टोके, या क्रमाने ताकद आणि नेमकेपणा येतो. हाच क्रम लिहिण्याच्या आधी पुरा व्हावा लागतो. साडेतीन वर्षांच्या मुलाला ठिपके जोडायच्या वह्या देण्यापेक्षा कणकेचा गोळा, ओली वाळू आणि चिखल देणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

डोळ्यांबाबत तर बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. पहिलीतल्या मुलांपैकी निम्म्या शाळांतल्या मुलांना रोज 40 मिनिटांचा एक तास जादा, बाहेर उघड्यावर दिला गेला. तीन वर्षांनंतर त्या मुलांत नव्याने आलेल्या लघुदृष्टीचे, म्हणजे लांबचे अंधूक दिसण्याचे, प्रमाण सुमारे 30 टक्के होते, तर इतर शाळांत ते 39 टक्क्यांच्या पुढे होते. बाहेरचा उजेड, अगदी सावलीतलासुद्धा, घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट प्रखर असतो आणि त्या उजेडामुळे दृष्टिपटलात जे रसायन स्रवते ते डोळ्याच्या गोळ्याची लांबी अवाजवी वाढण्याला आवर घालते, असे त्यामागचे आज सर्वांत मान्य असलेले स्पष्टीकरण आहे. लक्षात घ्या, इथे झाड, फूल, पक्षी यांचा काही संबंध नाही. नुसते उघड्यावर असण्याचा आहे.

रोगप्रतिकारशक्तीबद्दल मात्र मी जपून बोलते. फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती आणि गवताचे थर आणून घातले, मुलांना 28 दिवस त्यात रोज खेळू दिले, आणि त्यांच्या त्वचेवरच्या जीवाणूंमधले वैविध्य वाढलेले व रक्तातल्या काही प्रतिकारविषयक खुणा चांगल्या दिशेने सरकलेल्या आढळल्या. हे काम 2020 साली प्रसिद्ध झाले. पण त्यात मुले होती अवघी 75 आणि काळ होता चार आठवड्यांचा. तेवढ्यावरून ‘मातीत खेळलेले मूल आजारी पडत नाही’ असे छातीठोकपणे सांगणे बरोबर नाही. आपल्याकडच्या मातीत जंतही असतात. म्हणून खेळून आल्यावर साबणाने हात धुणे, नखे कापलेली असणे आणि अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडून वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी घेणे, हे या खेळाचेच भाग समजावेत.

आता मला ज्याबद्दल सर्वांत जास्त बोलावेसे वाटते तिकडे येते, म्हणजे लक्ष, भाषा आणि दुसऱ्याचे मन ओळखणे. एक प्रसंग सांगते. जुलैतली सकाळ होती, पाऊस नुकताच उघडला होता आणि आमच्या बालवाडीच्या भिंतीलगत एक वाणी किडा निघाला होता, तांबूस-काळा, करंगळीएवढा. चार मुले भोवती उकिडवी बसली. साडेचार वर्षांच्या एका मुलीने हिराच्या काडीने त्याला हलकेच शिवले आणि त्याने अंगाचे वेटोळे केले. ‘पैसा झाला’, एकजण म्हणाला, कारण त्याच्या आजीकडे या किड्याला पैसाच म्हणतात. बाकीचे कंटाळून पळाले. ही मुलगी बसून राहिली. मी दोन हात अंतरावर उभी होते आणि काहीही बोलायचे नाही असे मी ठरवले होते, जे शिक्षिकेला फार अवघड जाते. सात-आठ मिनिटांनी वेटोळे सैल झाले, पायांची ती बारीक लाट पुढे सरकू लागली आणि मुलगी कुजबुजली, ‘त्याला वाटलं, आपण गेलो.’

हीच मुलगी वर्गात चित्रकार्ड समोर धरले तर तीन मिनिटे बसत नसे. इथे तिला कोणी बसवले नव्हते. समोरची वस्तू जिवंत होती, पुढे काय होईल हे ठरलेले नव्हते, आणि घाई केली तर ते दिसणारच नव्हते. तिच्या त्या एका वाक्यात तिने दुसऱ्या जिवाच्या जागी उभे राहून विचार केला, आणि तोही त्या जिवाचा समज चुकीचा आहे हे ओळखून. दुसऱ्याला आपल्यापेक्षा वेगळे काही वाटत असू शकते, ही समज साधारण चार वर्षांच्या आसपास आकार घेते. ती गोष्टींतून येते, भांडणांतून येते आणि अशा वाण्यांमधूनही येते. किड्याला वाटते की नाही हा शास्त्राचा प्रश्न मी त्या वेळी काढला नाही. तो आठव्या वर्षी काढता येईल.

भाषा इथेच वाढते. ‘झाड’, ‘पक्षी’, ‘किडा’ एवढ्या तीन शब्दांवर आज अनेक मुले शाळेत येतात. करंज, बहावा, पांगारा, शेवगा. साळुंकी, बुलबुल, भारद्वाज. गोगलगाय, चतुर, मृगाचा किडा, ही नावे कळली की जे आतापर्यंत नुसते हिरवे आणि करडे होते त्यात माणसांसारखे ओळखीचे चेहरे दिसू लागतात. तेरड्याची पिकलेली बोंडे बोटात धरताच फुटतात, त्या क्षणी ‘फुटणे’, ‘उडणे’, ‘गुंडाळणे’, ‘बी’ हे शब्द मुलाच्या त्वचेवर उमटतात. कार्डावरून ते असे उमटत नाहीत. नाव तुमच्या बोलीतले असले तरी बिघडत नाही. उलट ते आजोबांच्या तोंडचे असेल तर फार चांगले, कारण मग शब्दाबरोबर माणूसही येतो.

आपलेपणाचा प्रश्न तुम्ही विचारलात त्याबद्दल आनंद वाटतो, कारण पालक सहसा बुद्धी आणि तब्येत एवढ्यावर थांबतात. महाराष्ट्रात बालशिक्षणाचे काम करणाऱ्यांना या प्रश्नाचा एक जुना धडा मिळालेला आहे. 1926 साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघातून गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे काम उभे केले. पुढे ताराबाई शहरातून खेड्यात आल्या, 1945 साली बोर्डीला केंद्र सुरू झाले, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यांमध्ये गेले. या भागातली मुले शाळेत येत नसत. तेव्हा त्यांनी मुलांना ओढून आणण्याऐवजी शाळाच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली आणि त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला, जो 1975 नंतर सरकारी योजनेमुळे देशभर पोहोचला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरे चरतात तिथेच शाळा. महागड्या साधनांच्या जागी बिया, पाने, दगड, शंख-शिंपले आले.

यात काटकसर होतीच, पण मला त्याहून मोठी गोष्ट दिसते. पाड्यातल्या मुलाला पळसाचे पान ओळखता येत होते, कुठली बी कधी पडते ते ठाऊक होते. शाळेने त्याच वस्तू मोजायला, लावायला, रंगवायला घेतल्या, तेव्हा ‘तुला जे माहीत आहे ते ज्ञान आहे’ असे त्याला शब्दांवाचून सांगितले गेले. मुलाला एखादी जागा आपली वाटते ती अशी. आपल्या हाताला त्या जागेतले काही करता येते आणि आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीची तिथे किंमत आहे, हे त्याला जाणवावे लागते.

म्हणूनच ‘निसर्गात वाढलेले मूल सुखी’ असे सरसकट म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. ऊसतोडीच्या हंगामात, दिवाळीच्या सुमारापासून मार्च-एप्रिलपर्यंत, आईबापांबरोबर फडावर राहणारी मुले मी जवळून पाहिली आहेत. ती चोवीस तास उघड्यावरच असतात. पहाटेच्या थंडीत कोपीतून, म्हणजे झोपडीतून, उठून फडावर जाणे, धाकट्याला सांभाळणे, कोयत्याच्या आणि बैलगाडीच्या आसपास वावरणे, याला निसर्गाचा सहवास म्हणणे हा त्या मुलांवर अन्याय आहे. त्यांना तिथे सावली, स्वच्छ पाणी, पोटभर अन्न आणि त्यांच्याबरोबर बसणारे एक मोठे माणूस नसते. दरवर्षी जागा बदलत असल्याने ओळखीचे एक झाडही उरत नाही. नुसते बाहेर असणे पुरत नाही. निश्चिंतपणे बाहेर असता आले पाहिजे.

आणि तरीसुद्धा जमिनीचे एक वैशिष्ट्य मी पुन्हा पुन्हा अनुभवले आहे, की ती परक्या मुलाला लवकर जवळ करते. एका बांधकामावरच्या पाळणाघरात बिहारहून आलेली पाच वर्षांची मुलगी दीड महिना एक शब्द बोलली नव्हती. मराठी तिला येत नव्हते आणि आमच्या भोजपुरीचा तर प्रश्नच नव्हता. जूनच्या शेवटी कचऱ्याच्या कडेला आंब्याच्या कोयी रुजून आल्या होत्या. तिने एक उपटली, कवच सोलले, आतली कोय दगडावर घासली आणि फुंकून पिपाणी वाजवली. सगळी मुले धावली. आमची मुले पिपाणी म्हणत होती, ती कोवळ्या रोपाला ‘अमोला’ म्हणत होती, आणि दुपारपर्यंत आमची मुलेही अमोला म्हणू लागली. त्या दिवसानंतर ती बोलू लागली. इतकी वर्षे मी भाषेचे खेळ घेत होते. तिला हवी होती ती एक कोय.

आता तुमच्या मुलाचे. त्याला एकदम चिखलात उभे करू नका आणि आजोबांच्या समोर ‘बघ, सगळे हात लावतात’ असेही म्हणू नका. पहिल्या आठवड्यात कोरडी ज्वारी किंवा तांदूळ परातीत द्या, वाटी-चमचा देऊन. मग कणीक मळताना एक गोळा त्याचा. मग ओली वाळू, आधी चमच्याने, आणि हात धुवायला शेजारी पाण्याचा तांब्या असू द्या. केव्हाही धुता येईल हे कळले की मुले जास्त वेळ हात घाणेरडे राहू देतात. ‘घाण’ शब्दाच्या जागी जे आहे ते म्हणा: ओले आहे, चिकट आहे, गार आहे, खरखरीत आहे. स्वतःचा हात आधी घाला आणि चेहरा सैल ठेवा.

याच्या जोडीला सोसायटीतली एक जागा ठरवा, शक्यतो एखाद्या झाडाखालची, आणि रोज तिथेच जा. वीस मिनिटे पुरतात. मोबाइल घरी. मार्चमध्ये त्याची पाने कशी होती, पहिल्या पावसानंतर खोडावर कोण आले, मुंग्यांची रांग कालच्याच वाटेने चालली आहे का, हे पाहायला तेच झाड रोज लागते. दर रविवारी नवी टेकडी केली तर यातले काहीच दिसत नाही. पावसात रेनकोट घालून बाहेर काढा. गटाराचे पाणी मिसळलेले नाही एवढे पाहा आणि मग डबक्यात उडी मारू द्या. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळी नऊच्या आत परत या.

धोक्यांबद्दल शहरातल्या पालकांना नेमकी माहिती हवी, सरसकट भीती नको. गुंजेच्या लाल-काळ्या बिया, एरंडाच्या बिया, पिवळ्या कण्हेरीची बिट्टी, लाल-पांढरी कण्हेर आणि धोतरा हे विषारी आहेत. दाखवा, नाव सांगा आणि हात लावायचा नाही असे स्पष्ट सांगा. घरात शोभेला ठेवलेल्या डिफेनबेकियाचे पान चावले तर तोंडाची भयंकर आग होते, ते झाड तर आजच उंचावर ठेवा. तीन वर्षांच्या आतल्या मुलासमोर चिंचोके, सागरगोटे ठेवू नका, कारण ते घशात अडकतात. पावसाळ्यात वाढलेल्या गवतात मुलाच्या आधी तुम्ही जा. कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. यापलीकडचे खरचटणे, मुंगी चावणे, पडणे हे होऊ द्या.

एक गोष्ट तपासून पाहा. त्याला फक्त मातीच नको आहे, की कपड्याला आतून शिवलेली लेबलची चिठ्ठी, केस विंचरणे, नखे कापणे, ओलसर भात, नवी चादर या सगळ्याचाच त्रास होतो? मातीपुरते असेल तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसेल. स्पर्शाचा त्रास सगळीकडेच असेल आणि त्यामुळे जेवण, झोप किंवा इतर मुलांत मिसळणे अडत असेल, तर बालविकासतज्ज्ञांना किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना दाखवा. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण तिथे माझ्या अंगणातल्या उपायांवर विसंबून राहू नये.

राहिले आजोबा. कोरेगावचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, आणि तुमच्या घरी तो पेरत असतील तर आजोबांना मूठभर बियाणे पाठवायला सांगा. त्या दाण्यावरचे वाघासारखे पट्टे मुलाला आधी निरखू द्या. कच्चा दाणा खायचा नसतो हेही सांगा. बाल्कनीतल्या कुंडीत त्याच्या हाताने पाच दाणे पेरा, बोटाच्या एका पेराइतके खोल. हात भरतील ते त्याच्या कामाचे म्हणून भरतील. आठवड्याच्या आसपास कोंब मान वाकवून वर येतो, मग मान ताठ करतो आणि दोन जाड दळे उघडतात. रोज सकाळी फोनवर आजोबांना काय दिसले ते त्याला सांगू द्या आणि तिकडच्या शेतात किती वर आला ते आजोबांना विचारू द्या. एखादा दाणा कुजेल, तोही उकरून पाहू द्या. अडीच महिन्यांत शेंगा वाळतील. दिवाळीला गावी जाताना त्या शेंगा त्याच्याच पिशवीत द्या आणि अंगणात बसून आजोबांबरोबर त्याला सोलू द्या.